हंगेरीचं संगीत घडवलं, म्हणजे बार्टोकनं नेमकं काय केलं?

'राष्ट्रीय संगीतकार' ही पदवी पाश्चात्य संगीतात सढळ हातानं वाटली जाते. फिनलंडचा सिबेलियस, नॉर्वेचा ग्रीग, चेकांचे स्मेताना आणि द्वोर्जाक, हंगेरीचा बेला बार्टोक. जयंती-पुण्यतिथी आली की 'यांनी देशाच्या संगीताला स्वतःचा चेहरा दिला' असं एक वाक्य छापून येतं आणि लेख पुढे सरकतो. वाचणाऱ्याचा प्रश्न मात्र तसाच राहतो. स्वर तर सगळीकडे तेच बारा. मग त्यांतून निघालेली एखादी चाल हंगेरियन कशी ठरते? आणि एका माणसानं अख्ख्या देशाची शैली घडवायची म्हणजे करायचं तरी काय?

बार्टोकच्या बाबतीत याचं उत्तर इतरांपेक्षा नेमकं देता येतं. त्यानं काय ऐकलं, कुठल्या गावात, कुणाकडून, आणि त्याचं पुढे काय केलं, हे सगळं तो स्वतःच लिहून ठेवत गेला.

जगाला माहीत असलेली हंगेरी

ब्राम्सची 'हंगेरियन नृत्यं' किंवा लिस्टच्या 'हंगेरियन रॅप्सडी' आपण ऐकलेल्या नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनीही त्या कुठेतरी, कार्टूनमध्ये का होईना, ऐकलेल्या असतात. आधी व्हायोलिनचे लांबवलेले, रडवेले स्वर, मग लय एकदम चढते आणि शेवटी नुसता दंगा. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपला हंगेरी म्हणजे एवढंच ठाऊक होतं.

या शैलीचं मूळ सैन्यभरतीत आहे. अठराव्या शतकात गावातल्या तरुण पोरांना फौजेकडे ओढण्यासाठी नाचगाण्याचा घाट घातला जायचा. त्या नृत्याला 'वेर्बुंकोश' म्हणत. वाजवणारे बहुतेक रोमा असत, म्हणजे पूर्वी ज्यांना सर्रास जिप्सी म्हटलं जाई त्या समाजाचे. पुढे शहरातल्या कॅफेंमध्ये याच वादकांच्या जथ्यांनी ती शैली रंगवली आणि खात्यापित्या घरच्या हौशी हंगेरियन संगीतकारांनी त्याच वळणाची ढीगभर गाणी रचली. लिस्टनं तर 1859 साली पुस्तक लिहून हे संगीत मुळात रोमांचंच, असा निकाल देऊन टाकला. ब्राम्सचं सगळ्यात गाजलेलं पाचवं नृत्य त्याला पारंपरिक वाटलं होतं. प्रत्यक्षात ती बेला केलर नावाच्या त्याच्याच काळातल्या संगीतकाराची रचना निघाली.

म्हणजे शहर ज्याला हंगेरियन समजत होतं ते फार तर शंभर-सव्वाशे वर्षांचं होतं. खेड्यातली माणसं काय गातात, याची चौकशी करावी असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

देशभक्ती हंगेरियन, संगीत जर्मन

बार्टोकचा जन्म 25 मार्च 1881 चा. गाव नाजसेंतमिक्लोश, जे आज रोमानियात आहे. वडील लवकर गेले. आई शिक्षिका, तिच्या बदल्यांबरोबर बिऱ्हाड फिरत राहिलं. 1899 मध्ये तो बुडापेस्टच्या संगीत अकादमीत दाखल झाला. हंगेरी तेव्हा ऑस्ट्रियाबरोबरच्या साम्राज्यात होती आणि व्हिएन्नाचा वरचष्मा तरुणांना टोचत होता. बार्टोक राष्ट्रीय पोशाख घालून फिरू लागला. घरात जर्मन बोलणं बंद करा, म्हणून आई आणि बहिणीच्या मागे लागला.

1903 मध्ये त्यानं 'कोशूत' लिहिलं. 1848 च्या उठावाचा नेता लायोश कोशूत याच्यावरची ही मोठी वाद्यवृंदरचना. तिच्यात ऑस्ट्रियाच्या शाही राष्ट्रगीताची चाल मुद्दाम वेडीवाकडी करून टाकलेली आहे. तालमीत ती विटंबना वाजवायला नकार मिळाला, असं सांगतात. एवढं होऊनही रचनेचा सगळा बाज रिचर्ड श्ट्राउसचा, म्हणजे अस्सल जर्मन होता. पोशाख बदलता येतो, घरची बोली हट्टानं बदलता येते. संगीतात मात्र त्याच्याकडे वेर्बुंकोशचे चार ठसके आणि जर्मन शिस्त यांखेरीज काहीच नव्हतं.

1904 च्या उन्हाळ्यात तो आज स्लोवाकियात असलेल्या एका खेड्यात मुक्कामाला होता. तिथे शेजारच्या खोलीत लिदी डोशा नावाची ट्रान्सिल्व्हेनियाची एक तरुण मोलकरीण गात होती. चिखलात पडलेल्या लाल सफरचंदाचं गाणं. त्यानं ते टिपून घेतलं आणि तिला आणखी गायला लावलं. कॅफेतल्या संगीताशी या चालीचा काहीच संबंध दिसत नव्हता. पुढच्याच वर्षी त्याची गाठ झोल्तान कोदाय या तरुण संगीतकाराशी पडली. कोदाय खेड्यांत जाऊन गाणी गोळा करायला आधीच बाहेर पडला होता, आणि काम कसं करायचं हे बार्टोक त्याच्याकडूनच शिकला. बार्टोकच्या कौतुकात कोदायचा हा वाटा नेहमी राहून जातो.

मेणाच्या नळकांड्यांवरचं संशोधन

साधन होतं एडिसनचा फोनोग्राफ. भोंग्यात तोंड घालून गायचं, सुई फिरत्या मेणाच्या नळकांड्यावर खाच पाडते. एका नळकांड्यावर दोन-चार मिनिटं मावायची आणि प्रत्येक वेळी ऐकताना ते थोडं झिजायचं. हंगेरीत हे यंत्र खेड्यात नेणारा बार्टोक पहिला नव्हे. बेला विकार या अभ्यासकानं 1890 च्या दशकातच ते सुरू केलं होतं. पण विकारचं लक्ष मुख्यतः गाण्याच्या शब्दांवर होतं.

गाणी मिळवणं हेच दिव्य होतं. 1907 मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातून लिहिलेल्या एका पत्रात बार्टोकनं एका बाईशी झालेला संवाद नाटुकल्यासारखा मांडला आहे. हा म्हणतो, जुनं गाणं म्हणा. ती देवाचं म्हणते. हा म्हणतो, हे नको, त्याहून जुनं. ती बाजारात नव्यानं आलेलं म्हणते. शहरातला बाबू आलाय तर त्याला चांगलंचुंगलं ऐकवावं, आजीची जुनाट गाणी कशाला, हा तिचा हिशेब. लोकसंगीत गोळा करणाऱ्या कुणालाही हा अनुभव नवा नसेल.

खरं काम घरी आल्यावर सुरू व्हायचं. नळकांडं सावकाश फिरवून ऐकायचं, म्हणजे गळ्यातल्या हरकती सुट्या होतात. मग मुख्य स्वर मोठ्या अक्षरात, हरकती बारीक अक्षरात लिहायच्या. गाव, गाणाऱ्याचं नाव, वय, तारीख नोंदवायची. त्यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची. इल्मारी क्रोन या फिनिश अभ्यासकाची पद्धत घेऊन तो प्रत्येक चाल अशी सरकवून लिहायचा, की तिचा शेवटचा स्वर सगळीकडे एकच येईल. गाणारी उंच पट्टीत गाते की खालच्या, याचा प्रश्नच मिटला. आता चार कोसांवरच्या दोन चाली शेजारी ठेवून ओळीओळीनं ताडून बघता येत होत्या: कुठली ओळ कुठल्या स्वरावर टेकते, ओळीत अक्षरं किती, कुठली ओळ पुन्हा येते.

त्यानं सुमारे 2,700 हंगेरियन, साडेतीन हजारांच्या आसपास रोमानियन आणि तीन हजारांच्या घरात स्लोवाक चाली जमवल्या. मैफलीत पियानो वाजवणारा आणि 1907 पासून अकादमीत शिकवणारा माणूस सुट्ट्यांत हे करत होता.

सापडलं ते काय?

शेजारी शेजारी ठेवल्यावर सगळ्यात जुन्या थरातल्या चालींमध्ये तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या.

पहिली, पाच स्वर. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. रे आणि ध आलेच तर येता-जाता. आपल्याकडच्या राग धानीचे हेच स्वर. म्हणून ही गाणी धानी ठरत नाहीत, चलन अगदीच वेगळं आहे, पण कानाला अंदाज येण्यापुरता उपयोग होईल.

दुसरी, चालीचा उतार. चार ओळींचं गाणं वरून सुरू होतं आणि खाली येतं. कित्येकदा पहिल्या दोन ओळींची चाल जशीच्या तशी, पण पाच स्वर खाली, पुढच्या दोन ओळींत येते. अशीच ठेवण व्होल्गा नदीकाठच्या मारी आणि चुवाश लोकांच्या गाण्यांत आहे. हंगेरियन लोक पूर्वेकडून येऊन आजच्या प्रदेशात नवव्या शतकाच्या अखेरीला स्थिरावले, त्याच्याशी हे जुळतं. 1936 मध्ये बार्टोक तुर्कस्तानात गेला, तेव्हा उस्मानिये गावी सत्तरीच्या एका म्हाताऱ्यानं म्हटलेलं पहिलंच गाणं हंगेरियन चालीसारखं निघालं आणि तो चाट पडला.

तिसरी, शब्दाचा आघात. हंगेरियन भाषेत जोर नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो. त्यामुळे चाल थेट जोरकस मात्रेवर सुरू होते. जर्मन गाण्यांसारखं आधी एक हलकं अक्षर आणि मग जोर, असं होत नाही. अनेकदा पहिला स्वर आखूड पण ठोसर आणि पुढचा लांब. जुनी गाणी ठेक्यात बांधलेली नसतात. बोलल्यासारखी, लय सैल सोडून गायली जातात.

यातली तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. बुडापेस्टमध्ये जर्मन आणि इटालियन ऑपेरा भाषांतर करून गायले जायचे. चाल परक्या भाषेची आणि शब्द हंगेरियन, त्यामुळे जोर भलत्याच अक्षरावर. बार्टोकचा 'निळ्या दाढीच्या सरदाराचा किल्ला' (रचना 1911, पहिला प्रयोग 1918) हा तासाभराचा ऑपेरा यावरचं त्याचं उत्तर होता. गाणारी पात्रं फक्त दोन. बेला बालाझचे संवाद जुन्या पोवाड्यांसारखे आठ-आठ अक्षरांच्या ओळींत, आणि गाणं असं की माणूस बोलतोय आणि बोलता बोलता स्वर लागतोय. सुरुवातीला अंधारात खालच्या तंतुवाद्यांवर येणारी चाल पाच स्वरांची, चार ओळींची. कुठलंही लोकगीत यात घेतलेलं नाही. वाद्यवृंदाच्या रंगांवर फ्रेंच देब्युसीचा प्रभाव आहे, तोही लपत नाही. पण हंगेरियन भाषा हंगेरियन चालीनं गाते, हे रंगमंचावर इतक्या नेटकेपणानं आधी झालं नव्हतं. एका स्पर्धेत परीक्षकांनी तो नाकारला होता.

'मग ही लोकांच्या गाण्यांची उचलेगिरीच की!'

हा आक्षेप लगेच येतो, आणि काही रचनांपुरता तो खराही आहे. 1906 मध्ये बार्टोक-कोदायनी वीस गाणी पियानोच्या साथीसह छापली, ती सरळ खेड्यातलीच होती. (त्या प्रती विकल्या जायला वर्षानुवर्षं लागली.)

बार्टोकनं स्वतः याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिलीत मूळ चाल तशीच ठेवून तिला साथ द्यायची. दुसरीत लोकचालीच्या धाटणीची आपली चाल रचायची. तिसरीत दोन्ही नाही, पण संगीताचा श्वास तोच. हे परकी भाषा शिकण्यासारखं आहे. आधी आपण पाठ केलेली वाक्यं म्हणतो, मग तशी नवी वाक्यं जुळवतो, आणि बऱ्याच काळानं त्या भाषेत भांडायला लागतो. भांडताना कुठलं वाक्य कुठून उचललं, हे कुणी विचारत नाही. बार्टोकची सहा चतुष्टकं (दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो अशा चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) किंवा 1936 ची 'तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि सेलेस्टा यांच्यासाठी संगीत' ही रचना या तिसऱ्या पायरीवरची. तिथे लोकगीत शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

'लोकसंगीतातून आलंय, तर ऐकायला एवढं कर्कश का?'

कारण साथीचे नियम बदलले. नेहमीच्या युरोपीय संगीतात शुद्ध नी वरच्या सा कडे ओढ घेतो, आणि एकावेळी अनेक स्वर वाजवण्याची सगळी व्यवस्था, म्हणजे स्वरसंगती, त्या ओढीवर उभी असते. जुन्या हंगेरियन चालीत तो शुद्ध नी नाहीच. तिला पाठ्यपुस्तकातली साथ लावली की चाल मवाळ होते, दुसऱ्याच कुणाची तरी वाटते. बार्टोकनं वेगळा रस्ता धरला: चालीत एकामागून एक येणारे स्वर साथीत एकदम वाजवायचे. गाणारी बाई कोमल नी वर निवांत थांबते ना, मग साथीतही सा आणि कोमल नी एकत्र वाजून थांबू देत. पाठ्यपुस्तकाच्या मते तो विसंवाद, तो लगेच 'सोडवायला' हवा. बार्टोकच्या कानाला ती विश्रांतीची जागा.

त्यात वाद्यं वापरायची त्याची तऱ्हा. 1911 च्या 'अल्लेग्रो बार्बारो'मध्ये पियानो जवळपास तालवाद्यासारखा बडवलेला आहे. व्हायोलिनची तार बोटानं इतकी जोरात खेचायची की ती लाकडी पट्टीवर आपटून फटकन वाजावी, या तंत्राला आज त्याचंच नाव आहे. काही ठिकाणी तो मुद्दाम त्रास देतो, हेही मान्य करायला हरकत नाही. सगळा कडकडाट शेतकऱ्यांच्या खात्यावर टाकता येणार नाही.

'रोमा वादकांवर अन्याय झाला नाही का?'

थोडा झाला. तरुणपणी कॅफेतल्या संगीताबद्दल बार्टोक फार तुटकपणे लिहायचा. 1931 च्या लेखात त्यानं मुद्दा नीट मांडला: ज्याला जग जिप्सी संगीत म्हणतं ती बहुतांशी हंगेरियन हौशी संगीतकारांची शहरी गाणी आहेत, रोमा ती वाजवतात, आणि रोमांची स्वतःची लोकगीतं वेगळीच आहेत. रचना कुणाची, यापुरतं त्याचं म्हणणं टिकतं. पण वाजवणाऱ्याचं योगदान तो कमी लेखतो. गावाकडची नृत्यसंगीताची परंपरा मोठ्या प्रमाणात रोमा व्हायोलिनवादकांनीच सांभाळली, आणि स्वतः बार्टोकनं गावातल्या अशा वादकांकडून चाली घेतल्या आहेत. पुढे त्याची भूमिका सैल झाली असावी. 1938 मध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनसाठी लिहिलेल्या 'कॉन्ट्रास्ट्स'च्या पहिल्या भागाला त्यानं नाव दिलं, 'वेर्बुंकोश'.

राष्ट्रीय संगीतकार, आणि शेजाऱ्यांची गाणी

इथे गोष्ट अवघड वळणावर येते. हंगेरियन काय ते ठरवायचं, तर शेजाऱ्यांचं काय तेही बघायला हवं, म्हणून बार्टोक रोमानियन आणि स्लोवाक गावांत गेला. 1913 मध्ये अल्जीरियातल्या बिस्क्रा भागात अरब गाणीही नोंदवून आला. ताडून बघता बघता त्याला दिसलं, की चाली सीमा मानत नाहीत. एक चाल शेजारच्या भाषेत जाते, तिथे बदलते, पुन्हा परत येते. या देवघेवीनं संगीत बिघडतं असं त्याला वाटलं नाही. उलट, गाणी समृद्ध होतात ती यामुळेच, असं त्यानं 1942 मध्ये संगीतातल्या वंशशुद्धीवरच्या लेखात मांडलं.

देशात हे सगळ्यांना रुचणारं नव्हतं. पहिल्या महायुद्धानंतर 1920 च्या त्रियानों तहात हंगेरीचा दोन तृतीयांश मुलूख गेला. बार्टोकचं जन्मगाव गेलं, गाणी जिथे जमवली ती बरीचशी गावं गेली. त्याच वर्षी त्याचा रोमानियन लोकसंगीतावरचा लेख जर्मन नियतकालिकात आला आणि मायदेशी वर्तमानपत्रांत त्याच्या देशनिष्ठेवर शंका घेतली गेली. 1915 च्या एका पियानोरचनेचं मूळ नाव होतं 'हंगेरीतली रोमानियन लोकनृत्यं'. तहानंतर 'हंगेरीतली' हा शब्द गळला. बुडा, पेश्त आणि ओबुडा ही शहरं एक झाल्याला 1923 मध्ये पन्नास वर्षं झाली, त्या सोहळ्यासाठी शहराच्या मागणीवरून त्यानं 'नृत्यमालिका' लिहिली. तिच्यात हंगेरियन, रोमानियन आणि अरबी वळणाच्या चाली शेजारी शेजारी आहेत. राजधानीच्या वाढदिवसाला त्या काळात हे ऐकवायला जिगर लागते.

पुढचं त्याचं वागणंही याला धरूनच. बालाझ डाव्या विचारांचा, परागंदा झालेला. त्याचं नाव वगळून ऑपेरा करायला बार्टोक तयार झाला नाही, आणि हंगेरीत ऑपेरा वर्षानुवर्षं मंचावर आला नाही. 1938 मध्ये व्हिएन्नातून वंश विचारणारा फॉर्म आला, तो त्यानं आणि कोदायनं भरला नाही. बार्टोकनं व्हिएन्नातला प्रकाशकही बदलला. ऑक्टोबर 1940 मध्ये तो अमेरिकेला गेला. निघताना केलेल्या मृत्युपत्रात अट घातली: बुडापेस्टमध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांच्या नावाचे चौक आहेत तोवर देशातल्या कुठल्याही रस्त्याला माझं नाव द्यायचं नाही. 26 सप्टेंबर 1945 रोजी न्यूयॉर्कमध्ये रक्ताच्या कर्करोगानं तो गेला. चौकांची ती नावं तोवर पुसली गेली होती, आणि हंगेरीचा तोवरचा सत्ताधीश होर्ती याच्या नावाचा बुडापेस्टमधला लांबलचक रस्ता आता बार्टोक बेला मार्ग झाला. 1988 मध्ये त्याचे अवशेष बुडापेस्टला आणून पुन्हा दफन केले गेले.

एका माणसानं देशाचं संगीत घडतं का?

एकट्यानं नाही. कोदायनं ही गाणी शाळांत नेली, गाऊन संगीत शिकवायची पद्धत उभी केली, आणि ती जगभर पसरली. 1972 पासून बुडापेस्टमधल्या तरुणांनी 'तांत्सहाज', म्हणजे नृत्यघर, ही चळवळ सुरू केली. खेड्यातल्या वादकांकडून शिकून शहरात तीच नृत्यं करायची. 2011 मध्ये युनेस्कोनं तिची दखल घेतली. बार्टोकच्या पिढीनं जमवलेल्या नोंदी नसत्या तर या पोरांना कुठल्या गावात जायचं हेही कळलं नसतं.

ऐकायचं कुठून?

'रोमानियन लोकनृत्यं' सहा-सात मिनिटांत संपतात, तिथून. मग 'नृत्यमालिका'. पियानो शिकत असाल तर 'मिक्रोकोस्मोस'चे सहा भाग आहेत, 153 तुकडे, अगदी पहिल्या दिवसापासूनचे. शेवटच्या सहा तुकड्यांत बल्गेरियन ताल आहेत. त्यांतला 2+2+3 चा तुकडा रूपक तालाची सवय असलेल्या कानाला फारसा परका वाटणार नाही, विभाग तेवढा उलटा. चतुष्टकं आणि ऑपेरा नंतर.

मूळ आवाजच ऐकायचे असतील तर 1934 ते 1940 या काळात बार्टोकनं हंगेरियन विज्ञान अकादमीत बसून लावलेला गाण्यांचा संग्रह आता इंटरनेटवर खुला आहे. तेरा हजारांहून जास्त चाली, त्याच्या क्रमानं, त्याच्या हातच्या दुरुस्त्यांसकट. ज्यांचं ध्वनिमुद्रण टिकलं त्यांच्यासोबत मेणाच्या नळकांड्यावरची ती खरखरही ऐकू येते.